अमेरिकेतील फिरती नोटरी : शंभर डॉलरच्या कामात हातात किती उरते?

आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. कोणी संगणकाच्या नोकरीवर गेले, कोणी शिकायला गेले, कोणाची सून नवऱ्यापाठोपाठ गेली, तर कोणा आई-वडिलांना मुलाने ग्रीन कार्डावर बोलावून घेतले. अशा घरांतून गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "तिकडे नोटरीचे काम घरोघर जाऊन करता येते म्हणतात. एका बैठकीचे शंभर-दीडशे डॉलर मिळतात. त्याचा कोर्स आहे, तर पैसे भरावेत का?" विचारणाऱ्या बहुतेक भगिनी असतात. इथे बँकेत, शाळेत किंवा विमा कार्यालयात नोकरी केलेल्या, पदवीधर, आणि तिकडे गेल्यावर चार भिंतींत अडकलेल्या. त्यांच्या प्रश्नाला "करून बघा" किंवा "नादी लागू नका" असे एका वाक्यात उत्तर देणे बरे नाही. वहीत जमा-खर्च मांडूनच ते द्यावे लागेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे नोटरी म्हटले की कोर्टाच्या आवारातला काळा कोट डोळ्यांपुढे येतो, आणि ते बरोबरही आहे. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली केलेल्या १९५६ च्या नियमांप्रमाणे इथे नोटरी व्हायचे तर दहा वर्षे वकिली झालेली असावी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी ही अट सात वर्षांची आहे. (आपल्या तरुण वकिलांपैकी किती जणांना ही सात वर्षांची तरतूद ठाऊक आहे, हा वेगळाच प्रश्न आहे.) अमेरिकेत मात्र नोटरी हा वकील असावा लागत नाही. औषधाच्या दुकानातला कारकून, बँकेतली खिडकीवरची बाई, घरी असलेली गृहिणी, कोणीही राज्याकडे अर्ज करून नोटरी होऊ शकते. त्या देशात आज चाळीस लाखांहून अधिक नोटरी आहेत. सही करणारा माणूस तोच आहे ना, तो राजीखुशीने सही करतो आहे ना, हे ओळखपत्र पाहून ठरवायचे, वहीत नोंद करायची, शिक्का मारायचा, एवढेच त्याचे काम. कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. दिला तर तो गुन्हा ठरू शकतो.

परक्या माणसाला हा शिक्का कसा मिळाला

हा इतिहास आपल्या वाचकांनी जरूर जाणून घ्यावा असा आहे. टेक्सास राज्यात पूर्वी नियम होता की अमेरिकेच्या नागरिकालाच नोटरी होता येईल. एफ्रेन बर्नाल नावाचे एक मूळचे मेक्सिकोचे गृहस्थ तेथे कायम रहिवासी म्हणून राहत होते. गरिबांना कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत ते वकिलांचे सहायक म्हणून काम करीत. हंगामानुसार गावोगाव फिरणाऱ्या शेतमजुरांची शपथेवरची निवेदने घ्यायची तर जवळ नोटरीचा अधिकार हवा, म्हणून त्यांनी १९७८ मध्ये अर्ज केला. नागरिक नाही म्हणून तो फेटाळला गेला. बर्नाल स्वस्थ बसले नाहीत. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल त्यांच्या बाजूने लागला. अमेरिकन घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेल्या समान संरक्षणाच्या हक्कात ही अट बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी, म्हणजे त्या न्यायालयावर बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायमूर्तींनी. नोटरीचे काम हे राज्य चालवण्याचे काम नव्हे, ते मूलतः कारकुनी स्वरूपाचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आयुष्यभर 'नुसता कारकून' हे शब्द ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गंमत वाटली. एकदा तरी कारकुनी हा शब्द कोणाचे तरी दार उघडायला उपयोगी पडला!

त्या निकालामुळे आज नागरिक नसलेल्यांनाही हा मार्ग मोकळा आहे, पण सर्वांना सारखा नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. फ्लोरिडात नागरिक नसेल तर ग्रीन कार्ड आणि तेथे कायम वास्तव्य असल्याचे घोषणापत्र लागते. शिवाय शिक्का मिळणे वेगळे आणि त्यावर पैसे मिळवण्याची परवानगी असणे वेगळे. एच-१बी व्हिसावर असलेल्या मुलाने शनिवार-रविवारी हे काम करून पैसे घेतले तर तो व्हिसाच्या अटींचा भंग होतो. त्याने याचा विचारही करू नये. एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला नुसत्या व्हिसावर काम करता येत नाही. २०१५ च्या नियमानुसार ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे, त्यांना कामाचा परवाना मिळू शकतो, आणि तो हाती असेल तर स्वतःचा व्यवसायही करता येतो. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून एक नवी अडचण आली आहे. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दाखल केला की जुना परवाना काही काळ आपोआप लांबत असे. त्या तारखेनंतर दाखल झालेल्या अर्जांना ती सवलत राहिली नाही. म्हणजे कार्यालयात कागद अडकला की काम बंद.

सही एजंट म्हणजे नेमके काय

साध्या नोटरीच्या शुल्कावर राज्यांनी मर्यादा घातलेली आहे. कॅलिफोर्नियात एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर. २०१७ पूर्वी ते १० होते. टेक्सासमध्ये पहिल्या सहीला १० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये तर समोरासमोरच्या कामाला अवघे २ डॉलर. एवढ्यावर कोणाचे पोट भरत नाही हे उघड आहे. मग हे शंभर-दीडशे डॉलर येतात कुठून?

ते येतात घरकर्जाच्या कागदांतून. अमेरिकेत घर घेताना, किंवा जुने कर्ज फेडून कमी व्याजाचे नवे कर्ज काढताना, कर्जदाराला शंभर-दीडशे पानांचा गठ्ठा सही करावा लागतो. त्यात वचनचिठ्ठी असते, गहाणखत असते, खर्चाचे विवरण असते आणि नाना तऱ्हेची प्रतिज्ञापत्रे असतात. कर्जदार बँकेत येण्याऐवजी नोटरीच त्याच्या घरी जातो. संध्याकाळी कामावरून आलेले नवरा-बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात आणि हा एक-एक कागद पुढे सरकवून सह्या, आद्याक्षरे, तारखा घेत जातो. जमिनीच्या हक्काची तपासणी करणारी 'टायटल कंपनी' या कामाचे पैसे देते. अशा नोटरीला तिकडे साइनिंग एजंट म्हणतात. आपण सही एजंट म्हणू.

काम सोपे वाटते, पण डोळ्यांत तेल घालून करावे लागते. एक उदाहरण देतो. राहते घर गहाण असताना वेगळ्या बँकेकडून नवे कर्ज काढून जुने फेडले, तर १९६८ च्या सत्य-कर्ज कायद्यानुसार कर्जदाराला तीन कामकाजी दिवसांत विनाकारण माघार घेता येते. या हिशेबात रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरत नाहीत, शनिवार धरतात. मुदत तिसऱ्या दिवशी मध्यरात्री संपते. या हक्काची नोटीस प्रत्येक कर्जदाराला दोन प्रतींत द्यावी लागते. त्यावरची तारीख चुकली, किंवा एका पानावर बायकोची सही राहिली, की गठ्ठा परत येतो. दुसरी फेरी बहुधा एजंटच्या खिशातून. आणि चूक एजंटचीच असेल तर ती कंपनी पुन्हा बोलावत नाही.

गप्प बसणे हाही या कामाचा भाग आहे. कर्जदाराने विचारले, "ताई, हे व्याज जास्त तर नाही? सही करू का?" तर एजंटने उत्तर द्यायचे नाही. कागदाचे नाव सांगायचे, आकडा कोणत्या रकान्यात आहे ते दाखवायचे, आणि बँकेच्या माणसाचा फोन जोडून द्यायचा. चळवळीत वाढलेल्या माणसाला हे जड जाते. त्याला कारणही आहे. २००४ ते २००८ या काळात कंट्रीवाइड या मोठ्या कर्ज कंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना तशीच पात्रता असलेल्या गोऱ्या कर्जदारांपेक्षा महाग कर्जे दिली, असा ठपका अमेरिकन न्याय खात्याने ठेवला. २०११ च्या डिसेंबरात ३३.५ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले गेले. त्या सगळ्या कागदांवर कुठल्या ना कुठल्या टेबलाशी कोणीतरी सह्या घेतल्याच असतील. कायद्याने एजंटचे तोंड बांधले असले तरी घाई न करण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते. माघारीची नोटीस इतर कागदांत दाबून न टाकता वेगळी हातात देणे, कर्जदार वाचत असेल तोवर शांत बसणे, एवढे त्याला नक्की करता येते. मात्र त्यात वेळ जातो, आणि वेळेचा संबंध पुन्हा पैशाशी आहेच.

सुगीचे दिवस आणि नंतरचा दुष्काळ

हा धंदा व्याजदराच्या तालावर नाचतो. महामारीच्या काळात अमेरिकेत घरकर्जाचे व्याज घसरत घसरत २०२१ च्या जानेवारीत तीस वर्षांच्या कर्जाला सरासरी २.६५ टक्के झाले, म्हणजे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा नीचांक. ज्याचे-त्याचे जुने कर्ज फेडून नवे काढणे सुरू झाले. टायटल कंपन्यांना माणसे पुरेनात. दिवसाला चार-चार बैठका करणारे एजंट होते. याच काळात नोकऱ्या गेलेल्या हजारो लोकांनी नोटरीचा शिक्का घेतला, आणि "आठवड्याला हजारो डॉलर मिळवा" असे सांगत कोर्स विकणाऱ्यांचेही पीक आले.

मग २०२२ च्या मार्चपासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी दर चढवायला सुरुवात केली. २०२३ च्या ऑक्टोबरात घरकर्जाचे सरासरी व्याज ७.७९ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ समजण्यासाठी आकडेमोड करू. तीन लाख डॉलरच्या तीस वर्षांच्या कर्जाला २.६५ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण १,२१० डॉलर पडतो; ७.७९ टक्क्यांनी तोच साधारण २,१६० डॉलर. स्वस्तातले कर्ज हाती असलेला माणूस ते फेडून महागातले कशाला काढील? तो घरही विकत नाही, कारण नवे घर घेताना नवे व्याज लागेल. म्हणजे नवी कर्जेही आटली आणि खरेदी-विक्रीही मंदावली. २०२४ आणि २०२५ ही दोन वर्षे दर बहुतेक काळ ६ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. कामे निम्म्याहून कमी झाली, पण शिक्केवाले तेवढेच राहिले. जास्त हात आणि कमी काम अशी वेळ आली की मजुरीचे काय होते, हे नाक्यावर उभे राहिलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

वहीतला हिशेब

आता मुख्य मुद्दा. टायटल कंपनी आणि एजंट यांच्यामध्ये बहुधा एक मध्यस्थ कंपनी असते. टायटल कंपनीने दिलेल्या रकमेतला मोठा भाग ती ठेवून घेते. कामाचा संदेश एकाच वेळी अनेकांच्या मोबाइलवर जातो आणि जो आधी 'हो' म्हणेल किंवा कमी पैसे मागेल त्याला ते मिळते. समजा, कॅलिफोर्नियातल्या आपल्या एका भगिनीला असे एक काम ९० डॉलरला मिळाले. घर वीस मैलांवर आहे.

जाऊन-येऊन चाळीस मैल. गाडीचा खर्च नुसत्या पेट्रोलवर धरू नये. टायर, विमा, गाडीची झीज सगळेच त्यात येते. अमेरिकेच्या आयकर खात्याने २०२५ साठी व्यवसायातल्या प्रवासाला मैलामागे ७० सेंट ही वजावट मान्य केली आहे, तोच दर धरू. झाले २८ डॉलर. गठ्ठा दीडशे पानांचा. एक प्रत सहीसाठी, एक कर्जदारासाठी, म्हणजे तीनशे पाने. कागद आणि शाई मिळून पानाला चार सेंट धरले तरी १२ डॉलर. विमा, जामीन, दरवर्षीची चारित्र्य पडताळणी, फोन यांचा या एका कामावर पडणारा वाटा ५ डॉलर धरू. एकूण खर्च ४५. उरले ४५.

आता वेळ पाहा. कर्जदाराला फोन करून वेळ ठरवणे, कागद उतरवून छापणे, ते तपासणे यात चाळीस मिनिटे. गाडीत एक तास. टेबलाशी एक तास. सही झालेले सगळे कागद पुन्हा स्कॅन करून पाठवणे आणि पाकीट कुरिअरला टाकणे यात अर्धा तास. तीन तास दहा मिनिटे झाली. ४५ डॉलरला ३.१७ तासांनी भागले तर तासाला १४ डॉलर आणि काही सेंट पडतात. कॅलिफोर्नियात २०२५ चे किमान वेतन तासाला १६.५० डॉलर होते. म्हणजे गोदामात खोकी उचलणारी बाई या शिक्केवालीपेक्षा जास्त मिळवते, आणि तिची गाडीही झिजत नाही. अजून कराचा आकडा आपण धरलेलाच नाही.

हेच काम मध्यस्थाविना थेट टायटल कंपनीकडून १५० डॉलरला मिळाले तर खर्च तेवढाच राहून हातात १०५ उरतात. तासाला ३३ डॉलर पडतात. तेच कागद, तेच टेबल, पण मोबदला दुपटीहून अधिक. फरक एवढाच की मधला माणूस नाही. हा धंदा परवडतो की नाही, याचे माझ्या मते निम्मे उत्तर या एका फरकात आहे. पण थेट काम नवख्याला मिळत नाही. दोन-तीन वर्षे बिनचूक काम करून, कंपन्यांच्या कार्यालयांत स्वतः जाऊन ओळख करून घ्यावी लागते. कंपनीतले माणूस बदलले की ती ओळखही जाते.

आमच्या नात्यातली एक सून २०२० च्या अखेरीस या कामात पडली होती. पहिल्या वर्षात तिने छापखान्यासारखा प्रिंटर चालवला. २०२३ मध्ये एका मध्यस्थ कंपनीने तिची सात कामांची बिले महिनोन्महिने लटकवली. तीस दिवस, साठ दिवस, मग फोनच उचलेनात. शेवटी तिने टायटल कंपनीलाच पत्र लिहिले तेव्हा चार कामांचे पैसे आले. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात कोण जाणार, हे अशा लोकांना पक्के ठाऊक असते. म्हणून नव्या भगिनींना माझे सांगणे आहे की कोणत्याही एका मध्यस्थाकडे दोन कामांपेक्षा जास्त उधारी साचू देऊ नका.

कराबाबत एक बारकावा बी.कॉम. झालेल्यांना रुचेल. तिकडे स्वतःचा धंदा करणाऱ्याला आयकराव्यतिरिक्त १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरावा लागतो. पण नोटरीच्या शिक्क्याबद्दल घेतलेल्या शुल्कावर हा कर लागत नाही. ९० डॉलरच्या कामात चार सह्यांना शिक्के लागले असतील तर कॅलिफोर्नियाच्या दराने ६० डॉलरपर्यंतची रक्कम नोटरी शुल्क म्हणून वेगळी दाखवता येते. मात्र नोंदवहीत प्रत्येक सहीपुढे शुल्क लिहिलेले हवे. अनेक एजंट हे करत नाहीत आणि नाहक कर भरतात. पण याला दुसरी बाजू आहे. जो कर भरला नाही त्याचे श्रेय सोशल सिक्युरिटीच्या खात्यात जमा होत नाही, आणि तेथे म्हातारपणीचे निवृत्तिवेतन मिळायला ४० श्रेये, म्हणजे साधारण दहा वर्षांची कमाई लागते. पन्नाशीत तिकडे गेलेल्या आई-वडिलांनी आजचे डॉलर वाचवताना हे लक्षात घ्यावे.

विम्याबद्दलही घोटाळा होतो. कॅलिफोर्नियात १५,००० डॉलरचा जामीन बंधनकारक आहे. त्याचा हप्ता अगदी थोडा असतो, म्हणून लोकांना वाटते की आपले संरक्षण झाले. तसे नाही. तो जामीन जनतेच्या संरक्षणासाठी आहे. एजंटच्या चुकीने कोणाचे नुकसान झाले तर जामीन कंपनी ते भरते आणि मग एजंटकडून वसूल करते. स्वतःचे संरक्षण हवे तर चुकभूल विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि काम देणाऱ्या बहुतेक कंपन्या तो मागतातच.

पडद्यावरची सही

आणखी एक संकट हळूहळू येत आहे. २०१२ पासून व्हर्जिनियात दूरवरून, पडद्यावर एकमेकांना पाहून नोटरी करता येऊ लागले. आज चाळीसहून अधिक राज्यांत त्याला कायदा आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला, पण तिथे ते पूर्णपणे अमलात यायला २०३० पर्यंतचा अवधी आहे. त्याहून जवळचा धोका म्हणजे अर्धी-अर्धी पद्धत. कर्जदार बहुतेक कागद आधीच संगणकावर सही करतो आणि एजंटसमोर फक्त शिक्क्याचे मोजके कागद राहतात. कागद कमी, म्हणून मोबदलाही कमी. पण चाळीस मैल तेवढेच! जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत कर्जाचे व्यवहार वकिलानेच पुरे करायचे असतात, तिथे या धंद्याला मुळातच वाव थोडा. टेक्सासमध्येही घराच्या किमतीवर काढलेल्या कर्जाची सही बँक, वकील किंवा टायटल कंपनीच्या कार्यालयातच करावी लागते. ती अट राज्याच्या घटनेतच आहे. कोर्सची जाहिरात सगळ्या राज्यांत एकच असते, कायदा मात्र राज्याराज्याला वेगळा आहे.

मराठी माणसाजवळचे काम

मग सगळा अंधारच आहे का? माझे तसे मत नाही. कर्जाच्या गठ्ठ्याबाहेर जे साधे फिरत्या नोटरीचे काम आहे, ते व्याजदरावर अवलंबून नाही. इस्पितळात पडलेला रुग्ण, वृद्धाश्रमातली आजी, मृत्युपत्राचे कागद, मुलाच्या प्रवासाचे संमतिपत्र अशी कामे बारमाही चालतात. कॅलिफोर्नियात सहीचे शुल्क १५ डॉलरला बांधलेले असले तरी प्रवासखर्च आधी ठरवून वेगळा घेता येतो. छपाईही फारशी नसते. पैसे टेबलावरच मिळतात, तीस-साठ दिवसांची उधारी नाही.

यात आपल्या लोकांजवळचे एक मोठे काम आहे ते मुखत्यारपत्राचे. तिकडे राहणाऱ्या माणसाला पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे, गावच्या जमिनीच्या वाटणीत सही करायची आहे, किंवा वडिलांच्या बँकेतल्या ठेवी सोडवायच्या आहेत. प्रत्येक वेळी विमानाने येणे परवडत नाही. मग इथल्या नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र करून ते अमेरिकन नोटरीसमोर सही करतात. त्यावर राज्याच्या सचिवालयाकडून अपोस्टिल हे प्रमाणपत्र घेता येते. भारत २००५ पासून त्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यावा लागतो. ही मुदत विसरल्याने अडलेली प्रकरणे मी आमच्या तालुक्यातच पाहिली आहेत. हा सगळा प्रवास माहीत असलेली, सही करून घेताना "काका, तिकडे गेल्यावर तीन महिन्यांत स्टँप करून घ्यायला सांगा" एवढी आठवण करून देणारी मराठी नोटरी मिळाली तर लोक तिला शोधत येतील. अपोस्टिल आणून देण्याची सेवा केली तर त्याचे पैसेही वेगळे मिळतात.

भाषेचा प्रश्न तर याहून मोठा आहे. कॅलिफोर्नियात नोटरीने सही करणाऱ्याशी थेट बोलले पाहिजे. मध्ये दुभाषा चालत नाही. इंग्रजी न येणाऱ्या आजीला मुलगा इंग्रज नोटरीकडे घेऊन गेला आणि स्वतःच भाषांतर करू लागला, तर नोटरीला नाही म्हणावे लागते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. त्या आजीची सही कशावर घेतली जात आहे? घरभाड्याच्या वसुलीसाठी, की गावचे घर विकण्यासाठी? मराठी बोलणारी नोटरी तिला शेजारी बसवून तिच्याच भाषेत विचारू शकते, आणि तिला उमगले नाही असे दिसले तर शिक्का मारायला नकार देऊ शकते. विधवा आई, लग्न झालेल्या बहिणी यांच्या हिश्श्याच्या कागदांवर आपल्याकडे कशा सह्या घेतल्या जातात हे वेगळे सांगायला नको. अशा मुखत्यारपत्रावर सही करणाऱ्याचा अंगठ्याचा ठसाही कॅलिफोर्नियाच्या नोटरीला आपल्या नोंदवहीत घ्यावा लागतो. म्हणजे पुढे तंटा झालाच तर तिथे खूण राहते.

तेव्हा ज्या भगिनींकडे कामाचा परवाना आहे, गाडी आहे, शहरात भारतीय वस्ती मोठी आहे आणि घरात दुसरी पक्की कमाई आहे, त्यांनी शिक्का जरूर घ्यावा. महिन्याला काही शे डॉलर आणि घराबाहेरची ओळख यासाठी तो वाईट नाही. ज्यांच्या कमाईवर घरभाडे अवलंबून आहे, त्यांनी बांधलेली नोकरी सोडून केवळ कर्जाच्या सह्यांवर विसंबू नये, असे मी स्पष्ट सांगतो. व्याज पुन्हा उतरले तर काम वाढेल हे खरे. पण तेव्हा २०२० सालासारखेच नवे शिक्केवालेही येतील.

पाचशे-हजार डॉलरचे कोर्स घेण्याची तर गरजच नाही. प्रिंटर, वही, शिक्का, जामीन धरून मूळ भांडवलच तेवढे लागते, ते तिकडे लावावे. कॅलिफोर्नियात पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला सहा तासांचे मान्यताप्राप्त शिक्षण घ्यावे लागते, मग लेखी परीक्षा असते, आणि उत्तीर्ण व्हायला ७० गुण लागतात. बोटांचे ठसे देऊन पडताळणी होते. नेमणूक चार वर्षांची मिळते. नेमणुकीचे पत्र हाती आले की ते कपाटात ठेवून द्यायचे नाही. त्यावरच्या आरंभाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत जिल्हा कारकुनाच्या कार्यालयात शपथ आणि जामीनपत्र दाखल करावे लागते. एकतिसाव्या दिवशी गेलात तर ती नेमणूक निरुपयोगी ठरते आणि नवा अर्ज करावा लागतो.